आइसलँड आणि आयर्लंड : तुलना करताना

२००८ च्या आर्थिक संकटाबद्दल बोलताना ‘आइसलँडने बँका बुडू दिल्या म्हणून तो सावरला, आयर्लंडने त्या वाचवल्या म्हणून तो गाळात गेला’ असे म्हटले जाते, पण हे मत अर्धेच खरे आहे. आइसलँडच्या तीन मोठ्या बँकांचा पसारा देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे दहापट झाला होता. ऑक्टोबर २००८ मध्ये त्या कोसळल्या तेव्हा त्यांना वाचवण्याची सरकारची ऐपतच नव्हती, त्यामुळे त्यात तत्त्वनिष्ठेपेक्षा नाइलाज अधिक होता. शिवाय देशांतर्गत ठेवी नव्या बँकांत वळवून सुरक्षित ठेवल्या गेल्या, हे सहसा कोणी सांगत नाही.

खरा फरक चलनाचा होता. आइसलँडचे चलन क्रोना याचे मूल्य निम्म्यावर आल्याने मासळीच्या निर्यातीला आणि पर्यटनाला हात मिळाला. मात्र महागाईशी जोडलेल्या गृहकर्जांची मुद्दल हप्ते भरूनही वाढत गेली, आणि पैसा देशाबाहेर नेण्यावर घातलेले निर्बंध बव्हंशी उठायला २०१७ उजाडले. युरोत अडकलेल्या आयर्लंडला अवमूल्यनाची वाटच बंद होती. तरीही सप्टेंबर २००८ च्या अखेरीस प्रमुख बँकांच्या जवळपास सर्व देण्यांना सरकारी हमी देण्याचा निर्णय मला अक्षम्य वाटतो, कारण त्यातूनच बांधकाम व्यावसायिकांची बुडीत कर्जे करदात्यांच्या माथी आली आणि २०१० मध्ये ८५ अब्ज युरोंच्या मदतयोजनेसह पगारकपात व करवाढ स्वीकारावी लागली.