मदत हवी आहे: पहिलं विमान लेट, पुढचं तिकीट वेगळं, उद्या पोकर स्पर्धेचा शेवटचा डे १

बदाम_एक्का
नमस्कार मंडळी, जरा घाईत आहे. दोन विमानं, दोन वेगळ्या कंपन्या, तिकिटंही वेगवेगळी काढलेली. मध्ये २ तास ४० मिनिटं होती. पहिलं विमान आता २ तास १० मिनिटं लेट दाखवतंय. दुसरं चुकलं तर त्यापुढचं उद्या सकाळी, ते दुपारी २ ला उतरतं.

स्पर्धा उद्या दुपारी १२ ला. पहिला दिवस ए, बी, सी अशा गटांत होतो, माझा डे १सी, म्हणजे शेवटचाच. बाय-इन (प्रवेश फी) ऑनलाइन भरलाय, सीट घेतलेली नाही. स्टॅक (सुरुवातीच्या चिप) ३०,०००, लेव्हल (सक्तीची पैज वाढत जाणारे टप्पे) ४० मिनिटांची, लेव्हल ४ आणि ८ नंतर १५ मिनिटांचा ब्रेक. लेट रजिस्ट्रेशन (उशिरा येणाऱ्यांची नोंदणी) दुसरा ब्रेक संपेपर्यंत. बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी आळीपाळीने भरायची सक्तीची पैज; स्मॉल ब्लाइंड तिच्या निम्मी) २००, ३००, ४००, ५००, ६००, ८००, १०००, १२०० असा चढतो, बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडवाल्यानेच भरायची तेवढीच जादा रक्कम) पहिल्या लेव्हलपासून.

१) मी पोचेपर्यंत माझा स्टॅक टेबलावर झिजत बसेल का?
२) दुसऱ्या तिकिटाचं काय करू?
३) मोठी बॅग चेक-इन केली आहे, ती कुठे जाईल?
४) खेळायला मिळालंच नाही तर बाय-इन विमान कंपनीकडून वसूल होतो का?

निळी_सुटकेस
पोकरचं नंतर. आधी बॅगेच्या टॅगची पावती बघा. तीन अक्षरी विमानतळ कोड एकच आहे की दोन? वेगळ्या तिकिटांवर बहुतेक वेळा बॅग पहिल्या ठिकाणापर्यंतच टॅग होते. म्हणजे उतरून इमिग्रेशन, मग बेल्टवरून बॅग, मग बाहेर येऊन पुन्हा चेक-इन. त्यासाठी त्या देशात शिरायचा व्हिसा लागू शकतो, नुसता ट्रान्झिट पुरत नाही.

आता तुमचा अर्धा तास. विमान टेकल्यावर दार उघडून बाहेर यायलाच १५-२० मिनिटं जातात. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. तेव्हा दुसरं विमान चुकलंच असं धरून चाला. पळापळीचा बेत नको.

दुसऱ्या कंपनीला आत्ता फोन करा, त्यांचं विमान सुटायच्या आत. सुटायच्या आधी बदललं तर बदलाचं शुल्क आणि भाड्यातला फरक. सुटल्यावर तुम्ही ‘नो-शो’ (न कळवता न आलेले), आणि त्याच तिकिटावर परतीचा प्रवास असेल तर तोही आपोआप रद्द होतो. लोक नेमके इथे फसतात: जायचं विमान चुकलं म्हणून नवं तिकीट काढतात, आणि परत निघताना कळतं की परतीची जागाच उरलेली नाही.

पहिल्या कंपनीच्या काउंटरवरून उशिराचं लेखी पत्र किंवा ईमेल घ्या, कारणासकट. नंतर कामाला येतं.

बिग_ब्लाइंड_बंडू
प्रश्न १. हे सर्वस्वी त्या कार्डरूमच्या (स्पर्धा जिथे भरते त्या जागेच्या) पद्धतीवर आहे, आणि पद्धती दोन.

पहिली: ऑनलाइन भरलेले पैसे म्हणजे नुसती पावती. पासपोर्ट दाखवून सीट कार्ड छापून घेईपर्यंत तुम्ही स्पर्धेत नाहीच. तोवर एक चिपही हलत नाही.

दुसरी: सुरुवातीलाच सगळ्यांचा सीट ड्रॉ (जागांची सोडत) होतो आणि स्टॅक मांडला जातो. मग तुम्ही असा-नसा, पत्ते वाटले जातात, ब्लाइंड आणि अँटी कापली जाते, हात (तो डाव) मरतो.

दोन्हीत फरक किती, तर ९ जणांच्या टेबलावर ४० मिनिटांत अंदाजे १८ हात, म्हणजे दोन फेऱ्या. एका फेरीला स्मॉल ब्लाइंड अर्धा, बिग ब्लाइंड एक, अँटी एक, मिळून अडीच बिग ब्लाइंड. लेव्हलमागे पाच. पहिल्या पाच लेव्हलचे बिग ब्लाइंड मिळून २,०००, गुणिले ५ म्हणजे १०,००० गेले. सहाव्या लेव्हलला (८००) बसलात तर २०,००० म्हणजे २५ बिग ब्लाइंड. त्याच क्षणी लेट रजिस्ट्रेशन करणाऱ्याला पूर्ण ३०,००० मिळतात, साडेसदतीस. पैसे सारखेच, आणि आधी भरणाऱ्यालाच भुर्दंड!

म्हणून रूमला आत्ताच ईमेल टाका, चारच ओळी: पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं, खेळाडू क्रमांक, पावती क्रमांक, आणि ‘विमान उशिरा असल्याने डे १सी ला दुपारी साडेतीननंतर पोचेन, माझी सीट ड्रॉ करू नये, स्वतः येऊन घेईन’. लगेच फोनही करा. ईमेल पुरावा म्हणून, काम फोनवरच होतं. स्पर्धा सुरू व्हायच्या आत सांगितलं तर बहुतेक ठिकाणी नोंदणी रद्द किंवा पुढे ढकलता येते. पहिला पत्ता वाटल्यावर हात वर करतात.

निळी_सुटकेस
प्रश्न ४: बाय-इनची आशा सोडा. माँट्रियल करारात (१९९९) प्रवाशाच्या उशिराची जबाबदारी आहे, पण कंपनीने शक्य ते सगळे उपाय केले होते असं दाखवलं की ती सुटते. शिवाय वेगळ्या तिकिटांवर पहिल्या कंपनीचं काम पहिल्या ठिकाणी उतरवलं की संपलं.

उड्डाण युरोपियन युनियनच्या नियम २६१/२००४ खाली येत असेल तर गोष्ट वेगळी: ३ तास किंवा जास्त उशीर झाला तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो. पण तो उशीर त्या तिकिटाच्या शेवटच्या ठिकाणी मोजतात. तुमचे २ तास १० मिनिटं त्यात बसत नाहीत. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं असती तर उद्याचा १२-१५ तासांचा उशीर मोजला गेला असता आणि पुढची जागाही त्यांनीच दिली असती. दोन तिकिटांत वाचवलेले पैसे असे बाहेर पडतात.

बदाम_एक्का
दोघांचेही आभार. टॅगवर कोड एकच, मधल्या ठिकाणचा. व्हिसाची गरज नाही, तपासलं. दुसऱ्या कंपनीने शुल्क घेऊन उद्या सकाळच्या विमानात टाकलं, परतीचं तिकीट शाबूत. रूमचं उत्तर: सीट कार्ड घेतल्याशिवाय स्टॅक लागत नाही. आता उरलं बॅगेचं, आणि किती वाजेपर्यंत पोचलो तर खेळण्यात अर्थ आहे?

टेबल_नंबर_सात
तुमचं वेळापत्रक मांडतो. लेव्हल १ ते ४ संपते २:४० ला, ब्रेक २:५५ पर्यंत. पाचवी ३:३५, सहावी ४:१५, सातवी ४:५५, आठवी ५:३५. नोंदणी ५:५० ला बंद. दोनला उतरून साडेतीनला पोचलात तर सहाव्यात ३७ बिग ब्लाइंड, ऐसपैस खेळता येतं. आठव्यात २५, तरी ठीक. ब्रेकमध्ये नोंदणी करून नवव्यात बसलात आणि तिथे बिग ब्लाइंड १५०० असेल तर २० उरतात. तोही गुन्हा नाही, पण मग पहिल्या हातापासून ऑल-इन (सगळ्या चिप लावणं) किंवा फोल्ड (पत्ते टाकून देणं) याच्या जवळपासचा खेळ. विमानात झोपलेले नसाल तर हा खेळ उलट सोपा पडतो, निर्णय कमी असतात.

डे २ ला थेट प्रवेश आहे का हेही विचारून ठेवा, काही स्पर्धांत दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या एक-दोन लेव्हलपर्यंत असतो. मात्र डे १ पार करून डे २ ला उशीर झाला तर सुटका नाही. तिथे डे १ अखेर तुमच्या चिप ठेवलेली पिशवी उघडून स्टॅक मांडतातच, तासाला तीन फेऱ्या धरल्या तरी साडेसात बिग ब्लाइंड जातात.

निळी_सुटकेस
बॅग मधल्या ठिकाणी आज काढून घ्या आणि रात्र तिच्यासोबत काढा. उद्या शक्य असेल तर चेक-इन करूच नका. करावीच लागली तर पासपोर्ट, औषधं, पावत्या, रोख, एक बदली शर्ट हातातल्या बॅगेत. पॉवर बँक फक्त हातातच: १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीशिवाय चालते. २०,००० एमएएचची बँक ३.७ व्होल्टने ७४ होते. रोख जास्त असेल तर सीमेवर जाहीर करा. अमेरिकेत मर्यादा १०,००० डॉलरच्या वर, युरोपियन युनियनमध्ये १०,००० युरो किंवा जास्त. नेण्यावर बंदी नाही, लपवण्यावर आहे.

बॅग आलीच नाही तर कस्टम्सच्या बाहेर पडायच्या आत काउंटरवर पीआयआर (सामानाच्या तक्रारीचा नोंद अर्ज) भरा आणि त्याचा दहा अक्षर-अंकी क्रमांक घ्या. दावा मात्र वेगळा, लेखी: मोडतोड असेल तर ७ दिवसांत, उशिरा आली तर हातात पडल्यापासून २१ दिवसांत. २८ डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक). पीआयआर भरला म्हणजे दावा झाला असं समजू नका, निम्मे दावे तिथेच बुडत असावेत.

आणि हॉटेलला ‘एक दिवस उशिरा येतोय’ म्हणून कळवा. पहिल्या रात्री नो-शो लागला की पुढच्या सगळ्या रात्री रद्द करणारी हॉटेलं बरीच आहेत.

बिग_ब्लाइंड_बंडू
एक राहिलं. नोंदणी बंद होताना काय ग्राह्य धरतात ते फोनवर विचारा: ५:५० ला रांगेत असलेला चालतो की सीट कार्ड हातात हवं? शेवटच्या ब्रेकमध्ये री-एन्ट्रीवाल्यांची (बाद होऊन पुन्हा पैसे भरणाऱ्यांची) रांग लागते. आणि पासपोर्ट मूळच हवा, मोबाइलमधला फोटो बऱ्याच ठिकाणी चालत नाही, म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या सामानकक्षात ठेवलेल्या बॅगेत जाऊ देऊ नका.

बदाम_एक्का
विचारलं. सीट कार्ड हातात हवं म्हणाले. पासपोर्ट खिशात.