मदत हवी आहे: कमानपाट्याला भोक पडेना, त्यात एम८चा टॅप तुटला

नमस्कार मंडळी. नागपुरात घरामागच्या पडवीत माझं छोटं वर्कशॉप आहे. बेंच ड्रिल, चार इंची ग्राइंडर आणि व्हाईस, एवढाच पसारा. काटोलजवळ काकांची पऱ्हाटी असते. बैलजोडी विकल्यापासून ते सायकल डवरा (हाताने ढकलायचं चाकाचं कोळपं) ढकलतात. त्याची बाजारातली पास, म्हणजे माती कापणारं पातं, हंगामभरात झिजून पत्र्यासारखी होते आणि मग साठीतल्या माणसाला दुप्पट जोर लावावा लागतो. म्हणून ट्रकच्या जुन्या कमानपाट्याची (लीफ स्प्रिंगच्या पट्टीची) पास करायची आणि ती बोल्टने काढता-घालता येईल अशी बसवायची, असं ठरवलं.

तुकडा एक फूट लांब, अडीच इंच रुंद, ८ मिमी जाड आहे. चार भोकं हवीत: दोन मध्ये, दोन टोकांना. पाट्यातच एम८चे (८ मिमी बोल्टचे) आटे पाडायचे, म्हणजे खाली नट लोंबणार नाही, असा बेत होता. मधली दोन भोकं ६.८ मिमीच्या साध्या एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिटने कशीबशी पडली. दोन बिटं त्यातच गेली. पहिल्या भोकात आटे पाडताना टॅप (आटे पाडायचं हत्यार) दीड फेरा आत गेला आणि कट्कन तुटला. तुकडा आतच आहे. टोकाच्या भोकांचं तर काही होतच नाही. बिट जागच्या जागी किंचाळतं आणि खाली आरशासारखा गोल ठिपका तयार होतो. सेंटर पंचाचंही टोक बसलं, पाट्यावर खूण नाही.

मशीनचा सगळ्यात कमी वेग ५२० आरपीएम आहे. डवरणीला अजून तीनेक आठवडे आहेत. पाटा पूर्ण तापवून मऊ करावा का? पण मग तो कमानपाटा वापरून उपयोग काय? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आधी कानस घ्या. मधल्या भोकांजवळ एकदा घासा आणि टोकाजवळ एकदा घासा. दोन्हीकडे कशी चालते ते सांगा. आणि तुकडा कशाने कापला तेही सांगा.

धागाकर्ता

तुमचा प्रश्न वाचून लगेच करून पाहिलं. मध्ये कानस लागते, बारीक बुरा निघतो. टोकाला काचेवरून फिरवल्यासारखी नुसती सरकते! तुकडा गॅस कटरने कापून घेतला होता. कापणाऱ्याने हात भाजू नये म्हणून लगेच पाण्याच्या बादलीत बुडवून दिला. तेव्हा दोन्ही टोकं दोन-दोन बोटं लाल होती, हे मला नीट आठवतंय.

प्रतिसाद

मग ती बादलीच कारण आहे. कमानपाट्यात अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन असतो. कारखान्यात तो कडक करून पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांच्या आसपास तापवून लवचिक केलेला असतो, त्यामुळे कठीणपणाच्या रॉकवेल सी मापात साधारण ४० ते ४८च्या दरम्यान राहतो. एवढं कठीण पोलाद चांगल्या बिटाने कापता येतं. पण लाल टोक पाण्यात गेलं की ते साठीच्या घरात जातं. एचएसएस बिट स्वतः ६३-६५चं असतं, म्हणजे दोघं जवळपास बरोबरीचे. शिवाय पाण्यात असं विझवलेलं टोक ठिसूळ असतं. भोक पडलं असतं तरी शेतात दगड लागून टोक उडालं असतं. भोक पडलं नाही हे बरंच झालं.

पूर्ण पाटा तापवू नका, फक्त दोन टोकं घ्या. कोळशाची शेगडी आणि ब्लोअर पुरे. संध्याकाळी अंधारात करा, दिवसा उन्हात लाली दिसत नाही आणि माणूस जास्त तापवून बसतो. मंद लाल रंग आला की थांबा. सांडशीत धरून चुंबक लावून बघा, चिकटला पाहिजे. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला सोडतं. सोडलं तर जास्त झालं. मग कोरड्या राखेत पुरून रात्रभर विसरून जा. पाणी नको, ओलं फडकंही नको. मधला भाग ओल्या मातीत दाबून ठेवला तर तिथली लवचिकता वाचेल.

एक सांगायचं राहिलं: कोणी म्हणेल की निळा रंग येईपर्यंतच तापवा. निळा म्हणजे सुमारे तीनशे अंश. मधला पाटा याहून जास्त तापवूनच तयार झालेला असतो, त्याला त्याने काही फरक पडत नाही. टोकांना पडेल, पण ड्रिल चालण्याइतका नाही.

प्रतिसाद

भाऊ, काहून टॅप मारता त्या पाट्यात? पास झिजणार, बदलणार. दर नव्या पाशीला कठीण पोलादात चार-चार आटे पाडत बसाल काय? आटे डवऱ्याच्या पायात पाडा. ते साधं माइल्ड स्टील आहे, १० मिमीची पट्टी असेल तर आटे भरपूर धरतात. त्यात ६.८चं भोक बरोबर. पाशीत नुसतं ९ मिमीचं आरपार भोक घ्या आणि खालच्या बाजूने काउंटरसिंक (भोकाच्या तोंडाशी उतरती खाच), म्हणजे ॲलन बोल्टचं डोकं आत बसेल, माती लागणार नाही. नटही लोंबत नाही.

कधी कठीण पाट्यातच आटे पाडायची वेळ आली, तर ६.८ ऐवजी ७ मिमी भोक घ्या. आटे चौऱ्याहत्तरऐवजी बासष्ट टक्के खोल पडतात, पण टॅपवरचा भार खूप उतरतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेल.

प्रतिसाद

वेगाचा हिशेब करू. ६.८चं बिट ५२० आरपीएमला म्हणजे कडेचा वेग मिनिटाला ११ मीटर. या पाट्यात साध्या एचएसएसला ५-६ पुरे. ५ टक्के कोबाल्टवालं एम३५ घ्या, इतवारीत मिळतं. ५ मिमीचं बिट तुमच्याच मशीनवर ५२०ला चाललं तर वेग ८ मीटर येतो, ते चालेल. मग ९ मिमी २५०च्या आत न्या. त्यासाठी गिअरवालं हँड ड्रिल स्टँडला लावून बघा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भीत-भीत दाबू नका. हलकं दाबलं की बिट कापत नाही, घासतं, आणि घासलं की धार जाते. लांब वळीदार बुरा सलग निघत राहिला पाहिजे. बुरा थांबला की लगेच बिट उचला आणि धार लावा. कटिंग ऑइल सढळ हाताने.

प्रतिसाद

तुटलेला टॅप तुरटीच्या पाण्यात उकळून विरघळतो असं ऐकलं आहे. करून बघा.

प्रतिसाद

तुरटीचा उपाय खरा आहे, पण जॉब ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा असला तर. इथे जॉबच पोलादाचा आहे, तुरटी टॅपबरोबर पासही खाईल. टॅप कडक आणि ठिसूळ असतो. बोथट पंच आणि छोटा हातोडा घेऊन त्याचे तुकडे पाडा, भोक आरपार आहे, खालून ढकलून काढा. चश्मा लावल्याशिवाय हात लावू नका, हे तुकडे काचेसारखे उडतात. नाहीच जमलं तर हिंगणा एमआयडीसीकडे स्पार्क मशीनवाल्याला (विजेच्या ठिणगीने धातू काढणाऱ्याला) विचारा, पण या जॉबला तो खर्च नको.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी रात्री पडवीतला दिवा मालवून दोन्ही टोकं शेगडीत तापवली. पहिल्या टोकाला चुंबक सुटला, म्हणून थोडं थांबलो, पुन्हा चिकटला तेव्हा राखेत पुरलं. दुसरं टोक व्यवस्थित झालं. सकाळी कानस दोन्हीकडे सारखी लागली. पहिल्या टोकाची भीती होती, पण तिथेही बुरा निघाला.

टॅप पाच-सहा तुकड्यांत निघाला. भोकाच्या कडेला थोडी जखम झाली होती, ९ मिमीत ती निघून गेली. कोबाल्टच्या बिटाने टोकाचं पहिलं भोक पडायला दहा मिनिटं लागली. बुरा करड्या रंगाचा, बोटभर लांब निघत होता. एवढे दिवस जे किंचाळणं ऐकत होतो ते आलंच नाही.

आता काउंटरसिंक करताना कडा खरखरीत, बहुकोनी होतेय. हे पण वेगामुळेच का?

प्रतिसाद

हो, वेग आणि सैल पकड, दोन्ही. जॉब व्हाईसमध्ये घट्ट धरा, वेग १००-१५०वर आणा, आणि जास्त दातांऐवजी एकाच धारेचं काउंटरसिंक वापरून बघा. ते नसेल तर बिटाखाली जाड कापडाची दुहेरी घडी ठेवून दाबा, थरथर बरीच कमी होते.

धागाकर्ता

कापडाची घडी चालली! चारही डोकी पाशीच्या आत बसली. उद्या पायाच्या पट्टीत आटे पाडतो आणि शनिवारी डवरा काटोलला नेतो.