चर्चा : जग जोडले ते लोखंडी पेटीने, की पेटीच्या मापावर झालेल्या एकमताने?

तर्कवेध (धागालेखक)

आधुनिक अर्थव्यवस्था घडवणाऱ्या शोधांचा विषय निघाला की वाफेचे इंजिन, वीज आणि संगणक ही नावे आपोआप पुढे येतात. माझ्या मते त्या मालिकेत पहिला मान कंटेनरचा, म्हणजे मालवाहतुकीच्या साध्या लोखंडी पेटीचा आहे. चार भिंती, तळ, छप्पर आणि एका टोकाला दार, एवढेच तिचे स्वरूप. ती घडवायला कोणतेही नवे विज्ञान लागले नाही, तरी तिच्यापूर्वीचा व्यापार आणि नंतरचा व्यापार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पूर्वी जहाज कसे भरत असत याचा एक नेमका हिशेब उपलब्ध आहे. १९५४ मध्ये 'वॉरियर' नावाचे जहाज ब्रुकलिनहून जर्मनीतल्या ब्रेमरहाफेनला गेले. त्यावर सुमारे पाच हजार टन माल होता आणि त्याचे नग होते १,९४,५८२. खोकी, पोती, पिंपे, गठ्ठे, सुट्या वस्तू असा प्रत्येक नग माणसांनी उचलला, रचला आणि पलीकडच्या बंदरात पुन्हा उतरवला. या फेरीच्या एकूण खर्चापैकी सुमारे ३७ टक्के रक्कम दोन्ही बंदरांतल्या कामावर गेली. अटलांटिक ओलांडण्याचा खर्च त्यापेक्षा कितीतरी कमी होता.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या ट्रकवाहतूकदाराने 'आयडियल एक्स' या जुन्या तेलवाहू जहाजाच्या डेकवर ५८ पेट्या ठेवून ते न्यूअर्कहून ह्यूस्टनला पाठवले. सुटा माल चढवायला तेव्हा टनामागे ५.८३ डॉलर पडत होते. या जहाजावर तोच खर्च १६ सेंटांच्याही आत आला.

परंतु स्वस्ताई हा माझा मुख्य मुद्दा नाही. मॅक्लीनच्या पेट्या आधी ३३ आणि पुढे ३५ फुटी होत्या, तर प्रशांत महासागरात चालणाऱ्या मॅटसन कंपनीच्या २४ फुटी. त्यामुळे एकाची पेटी दुसऱ्याच्या जहाजावर बसत नव्हती. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय मानकाने १०, २०, ३० आणि ४० फूट अशा लांबी ठरवल्या, आणि त्यांत या दोन्ही आद्य कंपन्यांचे माप नव्हते. पेटीच्या आठही कोपऱ्यांना पोलादाचे ओतीव ठोकळे असतात आणि त्यांना लंबगोल भोके असतात. त्या भोकांत खुंटी घालून ती पाव फेरा वळवली की पेटी जहाजाला, ट्रकला किंवा खालच्या पेटीला घट्ट बसते. या रचनेचे पेटंट मॅक्लीनच्या कंपनीने १९६३ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. कोणाचीही पेटी, कोणाचीही क्रेन, कोणतेही बंदर, हे शक्य झाले ते त्या भोकावर झालेल्या एकमतामुळे. माणसाने केलेल्या अत्यंत उपकारक करारांत मी त्याची गणना करतो.

गोदीकाठ

'उपकारक' या शब्दाला माझा आक्षेप आहे.

माझे वडील मुंबईच्या गोदीत नोंदणीकृत कामगार होते. १९४८ च्या गोदी कामगार कायद्यामुळे आणि त्यातून उभ्या राहिलेल्या डॉक लेबर बोर्डामुळे त्यांच्या पिढीला ठरलेले वेतन, हजेरीची हमी आणि बिल्ला मिळाला होता. त्याआधी तोलीवाल्याच्या मर्जीवर टोळीत घेतले जाण्यासाठी माणसे पहाटेपासून गेटाबाहेर उभी राहत. हा हक्क कोणी दयेने दिला नव्हता. ज्यांच्या नावाने आज गोदीला लागून रस्ता आहे, त्या पी. डिमेलोंसारख्या पुढाऱ्यांनी तो लढून मिळवला होता.

वडिलांचा माल ओढण्याचा आकडा (हूक) अजून आमच्या घरी आहे. लाकडी मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली आहे आणि पोलादी टोक घासून घासून बोथट झाले आहे. १७० किलोची कापसाची गाठ या आकड्याने कोणत्या बाजूने ओढायची, पोते फाटू न देता तो नेमका कुठे अडकवायचा, हे शिकायला वर्षे लागत. हे कौशल्य पेटीने एका झटक्यात निरुपयोगी केले. लंडनमध्ये १९६७ मध्ये ईस्ट इंडिया डॉक बंद झाला, पुढच्याच वर्षी सेंट कॅथरिन्स, आणि १९८१ पर्यंत रॉयल डॉक्सही मिटले. आमच्याकडे १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, १९९४ मध्ये डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झाले आणि त्यानंतर स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज आले.

आपण म्हणता तो करार कोणाकोणात झाला? जहाज कंपन्या, अभियंते आणि सरकारे यांच्यात. ज्यांच्या पाठीवर तो माल होता त्यांना त्या टेबलावर खुर्ची नव्हती.

तर्कवेध

गोदीकाठ, आपल्या वडिलांच्या श्रमांविषयी मला पूर्ण आदर आहे. तरीही सुट्या मालाच्या काळाकडे पाहताना त्यातली जोखीमही मोजावी लागेल. हात-पाय चिरडणे, पाठ कायमची जाणे हे गोदीत नित्याचे होते. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा जो प्रलयंकारी स्फोट झाला, त्या एकाच जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कापसाच्या गाठी होत्या.

शिवाय नुकसानभरपाईचा मार्ग नव्हता असे नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या गोदी कामगार संघटनेने १९६० मध्येच करार केला. यंत्रे येऊ द्यायची, पण मालकांनी त्यातून वाचलेल्या पैशाचा वाटा कामगारांच्या निधीत भरायचा, असे त्यात ठरले. म्हणजे खुर्ची मिळू शकत होती. आपल्याकडे ती त्या रीतीने मिळाली नाही, हा दोष पेटीचा मानावा की आपल्या धोरणाचा?

क्लिअरिंग एजंट

दोन्ही बाजू पेटीला फार मोठे करत आहेत, असे वीस वर्षे सीमाशुल्काची कागदपत्रे हाताळल्यानंतर मला वाटते. पेटी १९५६ मध्ये आली, पण तिचा खरा लाभ पुढची पंचवीस वर्षे अडून राहिला, कारण कायदे जुनेच होते. अमेरिकेत आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या राजवटीत रेल्वेचे भाडे पेटीवर नव्हे, आतल्या मालाच्या प्रकारावर ठरत होते. एकाच मापाच्या दोन बंद पेट्या, दोन्हींना सारखेच श्रम, पण एकीत खेळणी आणि दुसरीत रसायने म्हणून दर वेगळे! १९८० मध्ये रेल्वे आणि ट्रकवाहतूक या दोन्हींवरचे हे नियंत्रण सैल झाले आणि १९८४ मध्ये सागरी वाहतुकीचा कायदा बदलला. त्यानंतरच माल पाठवणारे आणि वाहतूकदार मोकळेपणाने दरांचे करार करू लागले.

भारतात तर हे अधिक स्पष्ट दिसते. पहिले कंटेनर जहाज १९७३ मध्ये कोचीनला लागले. १९८१ मध्ये बंगळुरूला देशातला पहिला अंतर्गत कंटेनर डेपो झाला, १९८८ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन स्थापन झाले. पण १९९१ पर्यंत आयात परवान्यांचे राज्य होते, तोवर या पेट्यांत भरायला माल कुठून येणार? शोध आधी आला आणि परवानगी मागाहून, असे हे प्रकरण आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. बंद पेटीमुळे भरवसा कागदावर आला. जहाज कंपनी जे बिल ऑफ लेडिंग देते, त्यावर मालाच्या वर्णनाआधी 'आत अमुक माल असल्याचे सांगितले आहे' अशा अर्थाचे शब्द असतात. म्हणजे कंपनी पेटी मिळाल्याची पावती देते, मालाची नव्हे. त्या कागदावर बँक पैसे देते, विमा कंपनी जोखीम घेते आणि तोच कागद पुढे विकलाही जातो. एका शोधाचे नाव घ्यायचे असेल तर मी या कागदाचे घेईन. तो पेटीहून काही शतके जुना आहे.

बागाईतदार, निफाड

कागदाचे महत्त्व मला मान्य आहे, परंतु कागदाने द्राक्ष टिकत नाही.

आमची निर्यातीची बाग आहे. घड सकाळच्या गारव्यात काढला जातो, कात्रीने विरळून पाऊचमध्ये भरला जातो, खोक्यात गंधकाचा पॅड घातला जातो आणि काही तासांत माल प्रीकूलिंगला लागतो. देठाला हवा लागून तो सुकला की युरोपातला ग्राहक त्या घडाकडे पाहत नाही. शून्य अंशाच्या आसपास आलेला माल चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये चढतो. या रीफरचा तळ सपाट नसतो, त्याला उभ्या पन्हाळ्या असतात. थंड हवा त्यांतून मागे जाते आणि खोक्यांच्या मधून वर चढते. आतल्या भिंतीवर एक लाल रेषा असते. खोक्यांची थप्पी तिच्या वर गेली की हवेची वाट बंद होते आणि शेवटच्या रांगेतला माल गरम होतो. हमाली करणाऱ्या पोरांना मी स्वतः ती रेषा दाखवतो. न्हावा-शेवाच्या वाटेवरही ट्रेलरला जेनसेट (वीज देणारा जनरेटर) लावलेला असतो, कारण त्या प्रवासात एकदा थंडी तुटली तर ती पुन्हा जोडता येत नाही.

तेव्हा माझे म्हणणे असे की पेटी, थंडी आणि नियम या तिन्हींवाचून नाशिकचे द्राक्ष रॉटरडॅमला पोहोचत नाही. नियमांचा चटकाही आम्ही सोसला आहे. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात अडकली आणि तेथून पुढे प्रत्येक प्लॉटच्या तपासणीकडे आम्ही किती गांभीर्याने पाहू लागलो, हे या भागातले सगळे जाणतात. २०२३ च्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवास लांबला आणि भाडे वाढले. ते भाडे वाढले तेव्हा दर खाली आला तो आमच्या बांधावर.

गोदीकाठ, आपल्या वडिलांचे काम गेले हे वाचून वाईट वाटले. पण या पेटीमुळे माझ्या गावात पॅकहाऊस झाले आणि हंगामात तिथे बाया-माणसांना काम मिळते, हेही खरे आहे. दोन्ही लिहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

उरणकर

पॅकहाऊसचा हिशेब मांडला, तसा जमिनीचाही मांडावा, अशी विनंती करते. पेटीचा स्वभाव असा की तिला जहाज लावायचा धक्का कमी आणि मैदान फार लागते. उतरलेल्या पेट्या रचायला शेकडो एकर सपाट जमीन हवी असते, आणि म्हणूनच जुन्या शहरांच्या पोटातली बंदरे मागे पडून मोकळ्या खाडीकाठची बंदरे पुढे आली. न्यूयॉर्कजवळ एलिझाबेथची दलदल भरली गेली, मुंबईजवळ आमची मिठागरे आणि भातखाचरे. नव्या मुंबईच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या रक्तातून आली आहे. बंदरासाठी उठवलेल्या शेवा कोळीवाड्याचा पुनर्वसनाचा प्रश्न तर अजूनही लोकांच्या तोंडी आहे.

आता पालघर जिल्ह्यातले वाढवण आहे. जून २०२४ मध्ये सुमारे ७६ हजार कोटींच्या बंदराला मंजुरी मिळाली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध हा प्रगतीला विरोध म्हणून मांडला जातो. खाडी बुजवली की जिताडा आणि कोळंबी कुठे जाते हे आम्ही उरणला पाहिले आहे, म्हणून त्यांचे म्हणणे आम्हाला लगेच कळते.

तर्कवेध

उरणकर, जमिनीचा मुद्दा मी मूळ लेखात घ्यायलाच हवा होता. क्लिअरिंग एजंट, १९८० पूर्वीच्या दरांविषयी आपण लिहिले तेही मान्य करतो, मात्र एक पुरवणी जोडतो. कायदे बदलण्यापूर्वीच पेटीला व्हिएतनाम युद्धाने उभे केले. १९६७ पासून मॅक्लीनच्या कंपनीची जहाजे कॅम रान्ह उपसागरात लष्करी सामान नेत होती आणि परतताना रिकामे येण्याऐवजी जपानहून माल घेऊ लागली. जपानी वस्तू अमेरिकेत स्वस्तात पोहोचण्यामागे ही परतीची रिकामी जागा होती, आणि ती जागा सरकारी पैशाने तयार झाली होती. पेटी, नियम आणि कागद यांत पहिले कोण, या वादात मी अजूनही मापाच्या बाजूनेच उभा आहे, कारण माप जुळले नसते तर बागाईतदारांचा रीफर निफाडच्या ट्रेलरवरून उतरून कोणत्याच जहाजावर चढला नसता.

गोदीकाठ

बागाईतदारांचे म्हणणे मी मनापासून मान्य करतो, आणि उरणकरांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा पुढे नेला. तर्कवेध यांच्याशी मतभेद कायम आहे. धोरणाचा दोष वेगळा काढून पेटीला निर्दोष ठेवता येत नाही, कारण माणूस कमी लागावा हाच तिच्या किफायतीचा पाया होता.

काही वर्षांपूर्वी वडिलांना उरणकडे एका लग्नाला घेऊन गेलो होतो. करळ फाट्याच्या अलीकडे ट्रेलरांची लांबलचक रांग लागली होती, म्हणून आम्ही टपरीवर चहाला थांबलो. जहाजाच्या फाळक्यात उतरल्यावर अंधारातही, नुसत्या वासावरून, मिरी आहे की कातडी आहे की ताग, हे वडील सांगत असत. त्यांनी शेजारच्या ट्रेलरच्या पत्र्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हरला विचारले, "काय माल आहे हो आत?"

"सील आहे, काका. कागदावर लिहिलं असेल," ड्रायव्हर म्हणाला.

वडिलांनी दाराकडे जाऊन ते सील पाहिले, त्यावरचा नंबर सवयीने मोठ्याने वाचला आणि दाराच्या फटीशी वाकून वास घेतला. रबरी पट्टीमुळे काहीच वास येत नव्हता.