सांगाडा नव्हे, रापण

‘ॲक्टिन, ट्युब्युलिन म्हणजे पेशीची नुसती हाडं, टी-पेशीला जागं करतो तो रिसेप्टर,’ हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. (ॲक्टिन आणि ट्युब्युलिन ही पेशीतल्या धाग्यांची नि नळ्यांची प्रथिनं; टी-पेशी ही रोगाशी लढणारी पांढरी रक्तपेशी, आणि रिसेप्टर म्हणजे तिच्या पृष्ठभागावरचं, बाहेरचा संदेश टिपणारं प्रथिन.) या धाग्यांना ‘पेशीचा सांगाडा’ म्हणतात, आणि ‘सांगाडा’ या शब्दानेच घोळ केलाय.

गोव्यात बाणावलीच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना पाहिलीय? दोन्ही टोकांना माणसं, आणि जाळं जवळ येईल तशी मासळी एका जागी गोळा होत जाते. टी-पेशी प्रतिजन (जंतूसारख्या परक्या गोष्टीचा ओळखता येणारा तुकडा) दाखवणाऱ्या पेशीला चिकटली की साधारण असंच होतं. संपर्काच्या कडेला ॲक्टिनचे धागे नव्याने वाढतात, आत सरकतात आणि रिसेप्टरांचे छोटे पुंजके केंद्राकडे ओढून नेतात. लॅट्रुन्क्युलिनने (हे समुद्री स्पंजातलं विष) हे धागे मोडले की रिसेप्टर असूनही संदेश पुढे नीट जात नाही. रोगट पेशी मारणाऱ्या मारक टी-पेशीत तर काही मिनिटांत सेंट्रोसोमही (ट्युब्युलिनच्या नळ्या जिथून निघतात ते केंद्र) त्या बाजूला येतो. विषारी पुटिका (विष भरलेल्या बारीक पिशव्या) मायक्रोट्युब्यूलवरून, म्हणजे त्याच नळ्यांवरून, तिथेच पोचतात. नेम धरायचं काम हेच!

विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम हा जन्मजात आजार घ्या. त्याचं जनुक १९९४ मध्ये सापडलं. त्यात बिघडतं ते ॲक्टिनचे धागे वाढवायला लावणारं प्रथिन, रिसेप्टर नव्हे. तरीही मुलांना वारंवार संसर्ग, इसब आणि रक्तस्राव.

आणि पावसात आपल्या कुंपणांवर फुलते ती लाल-पिवळी कळलावी? तिच्यात कोल्चिसिन असतं. ते ट्युब्युलिनला चिकटतं, म्हणून गाउटच्या (सांधे सुजवणाऱ्या आजाराच्या) सुजलेल्या अंगठ्याकडे धावणाऱ्या न्यूट्रोफिलना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना, आवर बसतो. औषध मोजून मिळतं हं. कंद जहाल विषारी, आजी आम्हाला हातही लावू देत नसे.