मदत हवी आहे: डॅन्यूब क्रूझवर स्वीट घ्यावा का?

नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन पासाऊ ते बुडापेस्ट क्रूझ करायचा विचार आहे. बाबांना गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी स्वीट, म्हणजे जहाजावरची मोठी खोली, बघतोय. पण भाव साध्या केबिनच्या जवळपास दुप्पट!

नदीवरच्या जहाजांना लॉकमधून (पाण्याची पातळी बदलून जहाज वर-खाली नेणाऱ्या अरुंद, दारं असलेल्या हौदांतून) जावं लागतं, त्यामुळे रुंदी साधारण ११.४ मीटरच. समुद्री क्रूझसारखा ऐसपैसपणा मिळणार नाही, हे मान्य. प्रश्न बाल्कनीचा आहे. फ्रेंच बाल्कनी म्हणजे नुसतं सरकतं दार आणि कठडा, तिथे खुर्ची मावत नाही. मोठी बाल्कनी घ्यावी, तर धक्क्यावर जहाजं एकमेकांना खेटून उभी करतात. मग व्हिएन्नाऐवजी शेजारच्या जहाजातल्या काकांचा नाश्ता बघत बसायचं का? मेल्क ते क्रेम्सचं वाखाऊ खोरं तरी बाबांना निवांत बसून बघता यावं.

स्वीटमध्ये राहिलेल्यांनी सांगा: मागच्या टोकाला रात्री इंजिनाची घरघर जाणवते का? शॉवरला उंबरठा असतो का? लिफ्ट वरच्या डेकपर्यंत जाते का? आणि नदीचं पाणी उतरलं म्हणून बसने नेलं, तर स्वीटचे जादा पैसे परत देतात का?

जेवणाचं विचारत नाही. आई दशम्या आणि मेतकूट नेणारच आहे.