बाल्डर्स गेट ३ पूर्ण २,९९९ ला घ्यावा का?

राजेंद्रनगरकर (इंदूर)
भिया, एक सल्ला हवाय. बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात, २,९९९ रुपयांना दाखवून राहिलाय. माझ्या विशलिस्टमध्ये पडून दीड वर्ष झालं.

नोकरी पीथमपूरला. बसमधून उतरून घरी पोचेपर्यंत साडेसात होतात. मग पोरीचा गृहपाठ, जेवण, आवराआवर. माझ्या वाट्याला उरते रात्री साडेदहा ते बाराची वेळ, तीही आठवड्यातून तीनदा. बायकोला हिशेब करून दाखवला: नुसती मुख्य कथा धरली तरी सत्तरेक तासांचा गेम, म्हणजे तासाला त्रेचाळीस रुपये. एकदा छप्पन दुकानला खायला जाऊन आलो तरी याहून जास्त उडतात. ती म्हणाली, "सत्तर तास तुझ्याकडे आहेत कुठे?" आठवड्याचे साडेचार तास धरले तर चार महिने लागतील. गणित माझंच, अन् आपटलोही मीच.

सेलची वाट बघ म्हणणार असाल तर आधी हेही ऐका. मागच्या डिसेंबरच्या सेलमध्ये स्वस्त, स्वस्त करत सात गेम उचलले. सगळे मिळून सव्वीसशेच्या आसपास. सुरू केले दोन, पुरा एकही नाही.

ग्राफिक्स कार्ड २०६० सुपर आहे, एसएसडीवर जागाही आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)
घेऊन टाक ना यार. नाही आवडला तर परत कर. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत अन् खेळलेला वेळ दोन तासांपेक्षा कमी असला तर स्टीम पैसे परत देतं, कारणही फारसं विचारत नाही. कार्डची चिंता नको, कंपनीने सुचवलंय तेच आहे तुझ्याकडे. फक्त दीडशे जीबी मोकळे ठेव, अन् डाउनलोड रात्री लावून झोप.

बडोद्याची ताई
दोन तासांच्या भरवशावर या गेमला तरी राहू नका दादा. माझा पाऊण तास पात्र बनवण्यातच गेला. शिंगं कुठली, केस कुठले, आवाज कोणाचा. मग ते सोंडांचं उडतं जहाज. किनाऱ्यावर पडून जरा इकडेतिकडे बघितलं, तोवर वेळ संपत आला होता, आणि खरा गेम तिथून पुढे सुरू होतो. गेम चालू ठेवून चहा टाकायला गेलात तर तीही मिनिटं मोजली जातात. नुसती चव बघायची असेल तर तयार पात्रांपैकी एक निवडा.

पण तुमच्यासारख्या वेळेला हा गेम मला उलट सोयीचा वाटतो. लढाई पाळीपाळीने चालते. माझं बाळ रडलं की मी उठून जाते, वीस मिनिटांनी परत येते, तर तो गॉब्लिन बिचारा तलवार धरून तसाच उभा. एफ ५ दाबलं की जिथल्या तिथे सेव्ह.

अडचण वेगळी आहे. आठ-दहा दिवस खंड पडला की कोणाला काय वचन देऊन बसलोय ते आठवत नाही. मी वही ठेवलीय. शिवाय संवाद ढीगभर, सगळे इंग्रजीत. दिवसभर काम करून रात्री एवढं वाचायची तयारी आहे का, ते तुम्हीच बघा.

जिरावन_जास्त (इंदूर)
थांबायचं ते दोन कारणांसाठी, भाव उतरावा म्हणून नाहीतर गेम सुधारावा म्हणून. सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० मध्ये आला, आठवडा उलटताच सोनीने तो आपल्या स्टोअरवरून उतरवला. त्याचं २.० अपडेट आलं सप्टेंबर २०२३ मध्ये. तिथे जो थांबला तो शहाणा.

बाल्डर्स गेटचं तसं नाही. २०२० पासून अर्लि अॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला होता, पुरा आला ऑगस्ट २०२३ ला, आणि एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचमध्ये बारा नवे सबक्लास (पात्रांचे उपप्रकार) फुकट दिले. आता सुधारायचं काही राहिलं नाही. सेलमध्ये वीस-पंचवीस टक्के उतरतो, म्हणजे तुझे वाचले सहाशे ते साडेसातशे. त्या सात गेमांत तू याच्या तिपटीहून जास्त घालवून बसलायस, भिया!

माझं ऐक. दोन आठवडे त्या सातांतलाच एक लाव, आणि साडेदहाला खुर्चीत खरंच बसतोस का ते मोज.

राजेंद्रनगरकर (इंदूर)
दोन आठवडे मोजले. सहा रात्रींपैकी चार खेळलो. एकदा पोरीला ताप होता, एकदा खुर्चीतच डोळा लागला. बायकोने आकडा ऐकला, म्हणाली, "चार? मला वाटलं दोन." ही परवानगीच समजलो.

काल रात्री घेतला, पूर्ण भावात. ताई, तयार पात्र घेणारच होतो, पण बायको मागे येऊन उभी राहिली, "शिंगं दाखव बघू." मग माउस तिच्याच हातात. पन्नास मिनिटं लागली, नुसत्या भुवयांवर दहा. पावणेबारा वाजले तरी आम्ही जहाजातच होतो. परत करायचं आता विसरा, आज ती जेवण लवकर आटपून राहिलीय.