केमो चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्यायच्या का?

देवगडकर: आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालं, आता केमोसाठी दर खेपेला देवगडहून मुंबई. भेटायला येणारा प्रत्येकजण एक डबा ठेवून जातो, व्हिटॅमिन ई, सेलेनियम, कसलीशी पावडर, सगळी अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारी. म्हणे या पेशंटच्या रक्तात सी, ई कमी असतं आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे ऑक्सिडेशनने पेशींना होणारी इजा, जास्त, मग भरून काढा. मला नाही पटत. कमी झालं म्हणून आजार आला की आजारामुळे कमी झालं? पेजेपलीकडे तिच्या पोटात काही टिकत नाही, मग रक्तात येणार कुठून? 1994 साली फिनलंडमध्ये 29 हजार सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या अभ्यासात बीटा कॅरोटीन, हेही अँटिऑक्सिडंटच, घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर उलट 18 टक्के जास्त निघाला.

खाडीकाठची: दादा, रागावू नका, पण सिगारेटवाल्यांचं उदाहरण आतड्याच्या पेशंटला कसं लावता? माझ्या सासऱ्यांना सगळे असंच सांगायचे, गोळ्या नकोत गोळ्या नकोत, आणि हिमोग्लोबिन 7 वर आलं तरी कुणी बघितलं नाही. शेवटी सलाईनमधून लोह दिलं तेव्हा पंधरा दिवसांनी माणूस पडवीत येऊन बसला. कमी ते कमीच, भरायला नको?

देवगडकर: आतड्याचंच घ्या मग. त्याच 1994 ला अमेरिकेतला अभ्यास आला, आतड्यातले पॉलिप, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकतो असे छोटे कोंब, काढलेल्या 864 जणांना बीटा कॅरोटीन, सी, ई देऊन चार वर्षं बघितलं, पॉलिप परत यायचे ते आलेच. लोहाचं वेगळं आहे ताई, गाठीतून रक्त जात राहतं म्हणून ते कमी होतं, तपासून दिलं तर माझा विरोध नाही. न तपासता नको, कारण जादा लोह ऑक्सिडेशन वाढवतं. आणि रेडिएशन, काही केमोची औषधं थोडीफार ऑक्सिडेशननेच कॅन्सरच्या पेशी मारतात, त्यावर आपणच डबेच्या डबे अँटिऑक्सिडंट ओतायचे?

आंबोळी: गोळ्या नकोत तर आवळा, कोकम द्या की, घरचंच आहे.

देवगडकर: जेवणात आहेच. पण केमोत ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध चालू आहे, त्याने गार सोसत नाही, फ्रीजच्या दाराला हात लागला तरी बोटांना मुंग्या येतात तिच्या, बांगडे धुवायलासुद्धा कोमट पाणी लागतं, सोलकढी गार चालत नाही.

खाडीकाठची: ते सगळं खरं. पण तपासायचं तर लिहून कोण देतं? आमच्याकडे तालुक्याला विचारलं तर मुंबईला विचारा, मुंबईला नंबर आला की दोन मिनिटं. तोवर घरात माणूस सुकतंय हो. पुढच्या खेपेला फेरीटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी या तपासण्या लिहून मागा, कागदावर लिहून न्या, आम्ही आयत्या वेळी विसरलो होतो.